हरळीची काशी

आमच्या वस्तीवरची पहिली ग्रॅज्युएट मी. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. आटपाडीच्या पुढं माळावर आमची धनगरांची वस्ती. तिथून मी बी.एस्सी. झाले, तेही वनस्पतिशास्त्र घेऊन. आता साताऱ्यात नोकरी आहे, स्वतःचं घर आहे, आणि घरापुढं फुलांचे दोन वाफे आहेत. फुलासाठी कुणी जमीन आणि पाणी राखून ठेवतं, ही गोष्ट मी कॉलेजात जाईपर्यंत पाहिली नव्हती. आमच्याकडं पाणी आधी मेंढरांना, मग माणसांना, उरलं तर तुळशीला. त्यामुळं घर बांधताना मी नवऱ्याला म्हटलं होतं, एक खोली कमी झाली तरी चालेल, पण वाफे पाहिजेत.

वाफे झाले आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांत हरळी घुसली.

शेतीतल्या माणसाला हरळी सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वरून बघावं तर नाजूक, बोटभर उंचीचं, गोजिरवाणं गवत. खाली मातीत तिच्या पांढऱ्या, गाठीगाठीच्या मुळ्या दूरदूर पळत असतात. शास्त्रानं त्या मुळ्या नव्हेत, जमिनीखालची खोडं आहेत. आमच्याकडं त्यांना काश्या म्हणतात. काशीच्या प्रत्येक गाठीला डोळा असतो. खुरप्यानं एका काशीचे चार तुकडे केले की चार हरळ्या होतात. हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी रविवारी सकाळी खुरपं घेऊन बसायची ती तुकडेच करायची. आठवडाभर मला ऑफिस असायचं आणि हरळीला मोकळं रान.

गेल्या वर्षी आषाढात आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली, मला भाऊ नाही. आबांचा गुडघा गेला तशी त्यांनी मेंढरं चुलतभावाच्या पोरांकडं सोपवली आणि वस्तीवर एकटेच राहिले. त्याआधीच्या हिवाळ्यात ओढ्यात पाय घसरून पडले, ते दुपार कलेपर्यंत तिथंच होते. कुणाला पत्ता नाही. एका शेरडाच्या मागं आलेल्या बाईनं बघितलं म्हणून घरी आले. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं, आबांना आता तिथं एकटं ठेवायचं नाही.

पण आमच्यात बाप लेकीच्या घरी राहत नाही. येतो, पाहुणचार घेतो, जातो. साताऱ्याच्या डॉक्टरला गुडघा दाखवायचा म्हणून मी कशीबशी गळ घातली तेव्हा आले. येताना एक पिशवी आणि काळं घोंगडं. पिशवीतले कपडे मी कपाटात लावले. घोंगडं मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिलं नाही. रोज सकाळी त्याची वळकटी करून दाराशेजारी उभी करून ठेवायची. म्हणजे आत्ता म्हटलं तरी उठून निघता यावं.

आणि बोलणं असं, "च्या आसला तर दे." घरात चहा असणार नाही तर काय असणार? पण रोज तेच. "भाकरी उरली आसली तर." नवरा एकदा म्हणाला, "मामा, हे तुमचंच घर हाय की." आबा हसले आणि म्हणाले, "व्हय व्हय, जावायबापू." आणि ताटातली अर्धी भाकरी परत ठेवली.

चौथ्या का पाचव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर आबा पायरीवर पाय लांब करून बसलेले, तोंड खुललेलं.

"बघ गं पोरी. आज वाफा झाडून काढला तुजा."

मी वाफ्याकडं बघितलं. शेवंतीची रोपं नव्हती. पिटुनिया नव्हता. झेंडूची नुकती रुजलेली रोपं, सगळीच्या सगळी, उपटून कोपऱ्यात ढीग करून ठेवलेली. आणि वाफ्यात, कडेपासून कडेपर्यंत, पाणी पाजून ताजीतवानी केलेली हरळी.

"आबा, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? मेंढरू तोंड लावंना आसला समदा पाला काढून टाकला. लय माजला हुता. चारा तेवढा ठिवला. बघ कसा मऊ हाय."

मला हसू फुटलं. पोट धरून हसले मी, पायरीवर बसून हसले. कुणाला काय सांगणार? जन्मभर ज्यांनी एकेक काडी गवतासाठी तीन-तीन कोस माळ तुडवला, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरले, त्यांच्यापुढं गवत आणि बिनकामाचा पाला ठेवला तर ते दुसरं काय उपटणार? त्यांच्या जागी कुठलाही मेंढका असता तरी त्यानं हेच केलं असतं. पण माझ्या हसण्यानं आबांच्या ध्यानात आलं की काहीतरी उलटं झालंय. त्यांनी त्या ढिगाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"त्ये लावल्यालं हुतं व्हय?"

"व्हय, आबा. फुलं येणार हुती त्याला."

"आन ह्ये गवात?"

"ते तण हाय."

आबांनी वाकून हरळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "गवताला तण म्हन्त्यात हे आज कळलं."

सकाळी उठून बघते तर पिशवी भरून घोंगड्याशेजारी ठेवलेली. मी दारात आडवी झाले. आमच्या माणसांना विनंती-आर्जव जमत नाही, आम्ही भांडतो. मी म्हटलं, नुकसान करून पळून जाताय का? आमच्या वस्तीत कुणाच्या रानात मेंढरू शिरलं तर भरपाई दिल्याशिवाय हलत नव्हता तुम्ही, मग लेकीच्याच रानाला वेगळा न्याय का?

हे लागू पडलं. आबांनी पिशवी खाली ठेवली. "बरं. तुजा वाफा हुता तसा करून देतो. हरळी काढतो, फुलं लावतो. फुलं धरली की मातर मी जानार. मग आडवायचं न्हाई."

"न्हाई आडवत," मी म्हटलं. तेव्हा मला हे पुष्कळ वाटलं.

आबांचं काम बघायला मी मुद्दाम लवकर उठायला लागले. संध्याकाळी वाफ्याचा हातभर तुकडा पाण्यानं भिजवून ठेवायचा. सकाळी त्यावर पोतं टाकायचं, दुखरा पाय सरळ पसरायचा आणि बसायचं. खुरपं घ्यायचं नाही. पहारीचं टोक मातीत घालून नुसती माती उचलायची, सैल करायची. मग बोटं आत. काशी सापडली की तिला ओढायचं नाही. दोन बोटांत धरून, दुसऱ्या हातानं पुढची माती मोकळी करत, ती जाईल तिकडं तिच्यामागं जायचं. ती वळली की आपण वळायचं, खाली गेली की खाली जायचं. असं करत शेवटच्या केसाइतक्या टोकापर्यंत. आबा लोकरीचं सूत काढायचे तेव्हा मी लहानपणी त्यांच्यासमोर तासन्‌तास बसायची. सूत तुटलं तर मला वाईट वाटायचं, इतकं ते क्वचित तुटायचं. तीच बोटं आता मातीत चालली होती. एकदा त्यांनी हात-दीड हात लांबीची काशी अख्खी बाहेर काढली आणि जानव्यासारखी खांद्यावर टाकून मला दाखवली.

"तुकडा पडला की वंश वाढला," ते म्हणाले. "तू खुरपं मारून मारून हिचं बारसं करत हुतीस."

"मला म्हाईत हुतं ते. कॉलेजात शिकवलंय."

"कालेजात हरळी शिकवत्यात?"

"शिकवत्यात की. लॅटिन नाव हाय तिला."

"आरारा. मग मी परफेसरच की गं."

शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. वाळव्याकडचे, बागायती उसाच्या रानातले. दोन घरांमध्ये तारेचं कुंपण. त्यांच्याकडं गुलाब, कडेला चुन्यानं रंगवलेल्या विटा, आणि पुढं गालिच्यासारखं लॉन. ते रोज सकाळी पाण्याची नळी घेऊन उभे राहायचे आणि आबांना हाक मारायचे.

"काय पाव्हणं, आज किती एरिया क्लिअर?"

"हातभर."

"हातभर! आवं, मी पंप देतो की. तणनाशक मारा. आठ दिसात समदं पिवळं. एवढी मरमर कशापायी?"

"पिवळं झाल्यावर शेरडाला काय घालू?"

हे शेरडू म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला इस्त्रीचं दुकान आहे, त्या बाईची शेळी. आबांनी ती पहिल्याच आठवड्यात हेरून ठेवली होती. उपटलेल्या हरळीचा पाला झटकून, निवडून तिला जायचा. काश्या गच्चीवर पत्र्यावर पसरायच्या, कडकडीत वाळेपर्यंत. ओल्या काश्या उकिरड्यावर टाकल्या की शेणखताबरोबर परत वाफ्यात येतात. एवढं सांगायला मला पदवीचा उपयोग झाला आणि आबांनी मान डोलावून ते मान्य केलं.

"आन सुभेदार," आबा म्हणाले, "तुमच्याच कृष्णाकाठाला एकदा फवारल्याला बांध खाल्ला माज्या मेंढरांनी. तोंडाला फेस. म्या त्यास्नी ताक पाजत बसलो. तवापास्नं त्यो पंप दिसला की मी मेंढरं माघारी वळवायचो."

सुभेदारांनी पंपाचा विषय पुन्हा काढला नाही. मेंढरं कुणाच्या रानात बसवायचा वगैरे चौकशी मात्र सुरू झाली. मेंढरांच्या लेंडीखताची उसवाले वाट बघायचे ते दिवस दोघांनाही ठाऊक. तासभर तारेच्या दोन बाजूंना दोघं बोलत बसायचे. सुभेदारांच्या नळीचं पाणी तोवर एकाच जागी पडत राहायचं.

एकदा ते म्हणाले, "पाव्हणं, या वयात लोक काशीला जात्यात."

"जात्यात की. मला पोरीनं हितंच आणून सोडलंय. रोज काश्याच काश्या."

"मग वाफ्याची काशी झाली म्हणायची!"

"त्ये मी आल्यावर पयल्याच आठवड्यात केली," आबा म्हणाले, आणि तारेच्या दोन्ही बाजूंना जे हसू उठलं त्यात आबांचं सगळ्यात मोठं होतं. उपटलेल्या शेवंतीवर ते पहिल्यांदा हसले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते.

गणपतीत नवीन प्रकार झाला. कॉलनीतल्या बायका परड्या घेऊन फाटकाशी आल्या. "आजोबा, दूर्वा आहेत का हो?" आबांना काही कळेना. मी बाहेर येऊन सांगितलं, आबा, हरळीचा कोवळा तुरा म्हणजेच दूर्वा. तीन पानांचा बघून द्या.

ते त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण साताऱ्यातल्या पॉलिश केलेल्या फाटकाशी कुणी हरळी मागायला येईल असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांनी इतक्या निगुतीनं जुड्या बांधून दिल्या की दुसऱ्या दिवशी दुप्पट बायका आल्या. संध्याकाळी मला म्हणाले, "गंमत हाय गड्या. आमी चारा म्हनायचं, तू तण म्हनायचं, आन ह्या बाया देवाच्या डोक्यावर ठिवत्यात. हरळीला इचारलं पायजे तिचं काय म्हननं हाय."

गणपती गेले. एक वाफा पूर्ण साफ झाला, त्यात मी शेवंतीची नवी रोपं आणून लावली. दुसरा निम्मा झाला. गुडघ्याला डॉक्टरांच्या गोळ्यांनी आणि व्यायामानं थोडा आराम पडला. आणि मला एक चमत्कारिक काळजी लागली. हरळी संपत आली होती.

रोज ऑफिसातून आले की मी आधी वाफा बघायची. हातभर कमी झालेला असायचा. एरवी ज्या गवताला मी चार वर्षं शिव्या घातल्या, त्याचा एखादा हिरवा कोंब दिसला की बरं वाटायचं. वस्तीवरच्या घरातली एकच खोली, ओढ्याची ती निसरडी वाट, आणि दुपार कलेपर्यंत कुणाला पत्ता नाही, हे सगळं डोळ्यांपुढं यायचं. आबांना म्हणून बघितलं, "सावकाश करा की. घाई कशाला?" तर म्हणाले, "काम लांबवून पोट भरनारा न्हाई मी."

मी अडवणार नाही असा शब्द दिला होता. आमच्यात शब्द म्हणजे शब्द. त्यामुळं मी काही बोलले नाही, फक्त त्यांच्याशेजारी बसून काश्या वेचायला लागले. रविवारचे दोन तास, नंतर रोजचा अर्धा. एकदा मी विचारलं, "आबा, झाडाखाली हरळी का येत न्हाई?"

"बाभळीखाली येती की थोडी. चिंचंखाली न्हाई येत. सावली दाट पायजे. मेंढरं बसायची त्या चिंचंखाली कवा हरळी बघितलीस?"

"उन्हाशिवाय जगत न्हाई ती. म्हणून शेवंती दाट लावायची. एकदा शेवंतीनं जमीन झाकली की वरून यायला वाट न्हाई."

"मग तसंच लाव," आबा म्हणाले. "कालेजचं बी ऐकू कवातरी."

दिवाळीनंतर शेवंतीला कळ्या आल्या. मार्गशीर्ष लागता लागता पहिला वाफा पिवळाधमक झाला, दुसऱ्यात पांढरी फुलं उघडली. इतकी शेवंती की पहिल्या गुरुवारी शेजारच्या चार घरांत पूजेला गेली. आबांनी वाफ्यासमोर उभं राहून एकदा डावीकडून उजवीकडं बघितलं, मेंढरं मोजताना बघायचे तसं. मग म्हणाले, "भरपाई झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली. मी भाकऱ्या आणि चटणी बांधून दिली. शब्द दिलेला असल्यामुळं बोलायची सोय नव्हती. नवरा गाडी काढायला गेला, त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला. आबांनी घोंगडं काखेत मारलं आणि पायऱ्या उतरले.

सुभेदार नळी घेऊन उभेच होते. "काय पाव्हणं, निघालासा?"

"निघालो," आबा म्हणाले. आणि जाता जाता सवयीनं वाफ्याकडं वाकले. फुलांकडं त्यांचं लक्ष नव्हतं, ते बुडाशी बघत होते. तारेच्या बाजूला, शेवंतीच्या शेवटच्या रोपाखाली, करंगळीएवढा हिरवा कोंब.

"ही कुठनं आली गं?"

पिशवी खाली ठेवली. घोंगडं पिशवीवर. पाय पसरून तिथंच बसले, धुतलेल्या धोतरानिशी, आणि दोन बोटं मातीत घातली. काशी सापडली. तिच्यामागं माती सैल करत गेले. ती वाफ्यात आत शिरत नव्हती, उलटी चालली होती, तारेकडं. तारेखालून पलीकडं. आबा ओणवे होऊन तारेला नाक लावून बघायला लागले.

"सुभेदार! आवं सुभेदार! ह्ये तुमचं काय हाय?"

"कुठलं? लॉन? नर्सरीतनं आणलंय. चटईच्या चटई मिळती, आणायची आन अंथरायची."

"हरळी हाय ही."

"लॉन म्हणत्यात तिला पाव्हणं."

"आवं, हिची काशी बघा की!" आबांनी ती उचलून धरली. "तुमच्या बापानं उसातनं हिला काढता काढता कंबर मोडून घेतली आसंल. आन तुमी तिला इकत आणून, वर गाडीत बसवून घरी आणली व्हय?"

सुभेदारांनी नळी खाली टाकली आणि तारेजवळ येऊन उकिडवे बसले. काशी हातात घेतली, उलटीसुलटी केली. कान लाल झाले त्यांचे. मग एकदम हसायला लागले. "तरीच आमची म्हातारी गावाकडनं आली की त्या लॉनवर बसायची न्हाई. म्हणायची, हितं कवा खुरपायचं? मला वाटायचं तिला कळत न्हाई." डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे घुसखोरी आमच्या बाजूनं. आन मी रोज तुमास्नी एरिया इचारतोय. आता काढून टाकतो की सगळं."

"नगा. चांगलं दिसतंय त्ये. आन तुमचं रान, तुमी राजं." आबा तारेची लांबी डोळ्यांनी मापत होते. "पर ही येत ऱ्हानार."

"मग बॉर्डरवर पहारा ठिवाय पायजे."

आबांनी मातीतला कोंब पुन्हा एकदा बघितला. बाहेर नवऱ्यानं हॉर्न वाजवला. मी दारातच उभी होते. मी काही बोलले तर शब्द मोडला असता.

आबांनी घोंगड्याची वळकटी उचलली. झटकली. आणि तारेच्या कडेकडेनं, वाफ्याच्या बाजूला, लांबीत अंथरली. ते काळं, जाड, एवढ्या पावसाळ्यांचं घोंगडं. दोन्ही कडा हातानं दाबून जमिनीला टेकवल्या, कुठं उजेड शिरू नये अशा. मग सुभेदारांकडं हात केला. सुभेदारांनी न विचारता आपल्या चुन्याच्या विटा एकेक करून तारेवरून दिल्या. आबांनी त्या घोंगड्यावर रचल्या.

"आता सांग, परफेसरीनबाई," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "अंधारात किती दिस ठिवायचं?"

"लय दिस, आबा," मी म्हटलं. "काश्या खोलवर असत्यात. उन्हाळा तरी जायला पायजे."

"उन्हाळा." त्यांनी एक वीट सरळ केली. "आन मग पावसात तर ती जोरातच येती."

"येती की."

"मग कसा जाऊ? घोंगडं अडकलं." त्यांनी तारेला धरून, गुडघा सांभाळत स्वतःला उभं केलं आणि हातावरची माती झटकली. "त्या जावायबापूला सांग, गाडी आत घे म्हनावं. आन च्या ठेव. सुभेदारालाबी."